मासळीचं पाणी मे महिन्यात पारखा: सीमाभागातले डोह ओळखणं आणि राखणं

जुलैच्या पुरात खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुठल्याही ओढ्याला जाळं लावलं तरी काही ना काही लागतंच. त्यामुळे पावसाळ्यातल्या मासळीवरून पाण्याची पारख होत नाही. पूर मासे पसरवतो, इतकंच. पुढच्या वर्षी ते पुन्हा दिसणार की नाही, हे एप्रिल-मेमध्ये कुठल्या डोहात किती जीव तगला यावर ठरतं. नदीचा लांबच लांब पट्टा अशा मोजक्या डोहांच्या जिवावर चालतो. हे डोह कसे ओळखायचे, ते कशाने जातात आणि त्यांना कागदावर कसं आणायचं, ते इथे सांगितलं आहे. कागदाचं आधीच सांगायला हवं, कारण ज्या डोहाची लेखी नोंद नाही तो मेला तरी सरकारदरबारी काहीच गेलेलं नसतं.

सीमाभागात नद्या दोन तऱ्हेच्या आहेत आणि दोन्हींना एकच माप लावून चालत नाही. पश्चिमेला घाटमाथा आहे. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, म्हादई खानापूर तालुक्यातूनच गोव्याकडे उतरते, मार्कंडेय बेळगावच्या बाजूने गोकाककडे जाते. इथे पाऊस दांडगा, तळ दगडगोट्यांचा, पाणी निवळ, पण उन्हाळ्यात धार करंगळीएवढी होते. उत्तरेला चित्र वेगळं. हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. वेदगंगा आणि दूधगंगा निपाणी-चिकोडीच्या शिवारांतून कृष्णेकडे जातात. काळी जमीन, ऊस, पावलोपावली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि मातीमुळे कायम थोडं गढूळ पाणी. घाटाकडच्या ओढ्यात गढूळपणा हा धोक्याचा इशारा असतो, दूधगंगेत तो नेहमीचाच.

डोहाची परीक्षा

पाहणीसाठी मेचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, वळवाचा मोठा पाऊस होण्याआधी. नदीचा दोन किलोमीटरचा तुकडा निवडा आणि काठाने चालत जा. अर्धा किलोचा दगड बांधलेली दोरी घ्या, तिला दर अर्ध्या मीटरला गाठ मारा. प्रत्येक डोहाची लांबी-रुंदी पावलांनी आणि खोली दोरीने, निदान पाच ठिकाणी मोजा. या दिवसांत ज्या डोहात दीड-दोन मीटर पाणी आहे आणि वरून बारीक का होईना धार येते किंवा तळातून झरा आहे, तो राखण्याजोगा. घटप्रभेवर हिडकल धरणाच्या खाली मात्र नुसती खोली बघून फसू नका. तिथलं उन्हाळी पाणी धरणातून सोडलं जातं. ते कधी सुटलं आणि कधी बंद झालं हे पाटबंधारे खात्याकडून विचारून खोलीशेजारी लिहा. गेल्या वर्षांतला डोह कसा होता हे गूगल अर्थवरच्या एप्रिल-मेच्या जुन्या चित्रांत बऱ्यापैकी दिसतं.

धारही मोजता येते. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडा, काटकी सोडा, किती सेकंदांत पोहोचते ते बघा. दहाला सेकंदांनी भागून आलेला आकडा ०.८५ ने गुणा, कारण तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा हळू चालतं. मग त्याला पात्राची रुंदी आणि सरासरी खोली या दोन्हींनी गुणा. समजा पात्र चार मीटर रुंद, खोली ०.३ मीटर, आणि काटकीला ४० सेकंद लागले, तर सेकंदाला साधारण २५५ लिटर पाणी चाललं आहे. हा आकडा पुढे पंपांच्या हिशोबात लागेल.

यानंतर ऑक्सिजन. माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि पाणी तापलं की तो कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही ऑक्सिजन घेतात, म्हणून तो सगळ्यात कमी असतो पहाटे. दुपारी मोजलेला आकडा खुशाल दिसतो आणि दिशाभूल करतो. मोजायचं ते सूर्योदयाच्या आत. थेंबांचं किट किंवा मीटर, काहीही चालेल. लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त म्हणजे चांगलं पाणी. मासळी आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गाच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन, साडेसहा ते साडेआठ सामू (पीएच) आणि १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही इतका मुक्त अमोनिया, अशी मर्यादा दिली आहे. ३ च्या खाली बहुतेक मासे कासावीस होतात. किट नसेल तर पहाटे काठावर बसा. मासे तोंड वर काढून गिळगिळ करत असतील तर डोह अडचणीत आहे.

इथे एक चूक फार होते. ‘मासे आहेत की, मग पाणी चांगलंच’ असं म्हटलं जातं. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊ शकतात, चिलापी बरंच सोसते. नासलेल्या नाल्यातही हे तिन्ही भेटतात. चांगल्या पाण्याची साक्ष दुसरेच देतात: दगडाला चिकटून राहणारे मळ्या मासे, खळाळात फिरणारी बारीक खवल्यांची मासळी, वाम, आणि नशीब असेल तिथे महाशीर. जाती किती आणि पिल्लं ते मोठे असे सगळ्या आकारांचे मासे आहेत का, हे वजनापेक्षा महत्त्वाचं. नुसते मोठेच मासे असतील तर तिथे वीण होत नाही किंवा पिल्लं टिकत नाहीत.

त्याहून स्वस्त आणि खात्रीची परीक्षा दगडाखाली असते. उथळ खळाळातले हाताएवढे दहा दगड उचला आणि उलटे करून बघा. तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, वाळूच्या कणांची नळी करून राहणाऱ्या अळ्या, चतुराची पिल्लं दिसली तर पाणी कित्येक महिने सलग चांगलं राहिलं आहे, कारण या किड्यांना पळून जाता येत नाही. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतं सांगतो, दगडाखालचे किडे गेल्या हंगामाचं सांगतात. फक्त लाल गांडुळासारख्या बारीक अळ्या आणि करडा बुळबुळीत थर असेल तर वर कुठेतरी सांडपाणी मिसळतं आहे. काळ्या मातीच्या नदीत दगड नसतात, तिथे काठच्या गवताच्या मुळ्या पिठाच्या चाळणीत झाडा.

दगड उचलतानाच आणखी एक बघून घ्या. तो सहज सुटतो का, की चिखलात निम्म्याहून जास्त रुतला आहे? मोकळ्या खडीच्या फटींतून पाणी खेळतं, अंडी आणि पिल्लं तिथे तगतात. गाळाने लिंपलेल्या तळावर अंडी गुदमरतात. डोह कितीही खोल असला तरी त्याच्या वरच्या अंगाला असा मोकळा खळाळ नसेल तर तो मासे सांभाळेल, पण वाढवणार नाही.

चढण आणि बरगे

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागून ओढे वाहायला लागले की मासे उलट दिशेला निघतात. चढणीच्या माशांचं आकर्षण सगळ्या पश्चिम पट्ट्यात आहे आणि ते समजण्यासारखं आहे: अंगात चरबी, पोटात गाभोळी, उथळ पाणी, हाताने धरावेत इतके सोपे. पण हेच वर्षाचं बियाणं. रोहूसारख्या माशाच्या मादीत किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात आणि ती पाण्यात पडल्यापासून पंधरा-वीस तासांत फुटतात. म्हणजे मादी दोन दिवस उशिरा सापडली असती तर तिचं काम झालेलं असतं. ओढ्याच्या तोंडाशी पात्रभर जाळं किंवा बांबूचा पडाव लावला की सगळी मासळी वर पोहोचायच्या आत संपते. अख्खी चढण बंद करा म्हणणं गावात टिकत नाही. ओढ्याचं निम्मं पात्र मोकळं ठेवायचं आणि पहिल्या मोठ्या पुरानंतरचे पाच-सहा दिवस तोंडाशी काहीच लावायचं नाही, एवढं बंधन लोक पाळतात. त्याचा उपयोगही मोठा होतो.

चढणीला दुसरा अडसर बंधाऱ्याचा. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत ते काढतात. काढणं लांबलं किंवा तळातले दोन बरगे गाळात अडकून तसेच राहिले, तर मीटरभराची भिंत उभी राहते आणि खालचा मासा खालीच राहतो. याची पाहणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करून पाटबंधारे खात्याला लेखी कळवावी.

बरगे एकदम काढण्याने उलटं नुकसान होतं. सात-आठ महिने साचलेल्या पाण्याच्या तळाशी सांडपाण्याचा काळा गाळ असतो, त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. हे सगळं एका लोटात खाली सुटलं की खालच्या डोहातले मासे सकाळपर्यंत उलटे पडतात. वरचे बरगे आधी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने खालचे, अशा टप्प्यांनी काढले तर ताजं पाणी मिसळायला वेळ मिळतो.

मळी, पंप, वाळू

बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत आणि गाळपाचा हंगाम नेमका नदी आटत जाण्याच्या महिन्यांत येतो. यातलं सगळ्यात घातक पाणी अर्कशाळेतून (डिस्टिलरीतून) निघतं. लोक त्याला मळीचं पाणी म्हणतात. ते स्वतः विष नसतं, ते ऑक्सिजन खातं. त्यातली घाण कुजवताना जिवाणू लिटरमागे ४० ते ६० हजार मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात. शहराच्या सांडपाण्याचा हाच आकडा दोनशे-तीनशेच्या घरात असतो. हिशोब करून बघा: दहा हजार लिटरचा एक टँकर, लिटरला ५० हजार मिलिग्रॅम, म्हणजे ५०० किलो ऑक्सिजनची मागणी. नदीच्या एका घनमीटर पाण्यात ऑक्सिजन असतो फार तर ८ ग्रॅम. म्हणजे साडेबासष्ट हजार घनमीटर पाणी पूर्ण ओकं होईल. शंभर मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल असे बारा डोह. एका टँकरने.

आणि हे एका तासात होत नाही. कुजण्याला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पाणी काही किलोमीटर खाली गेलेलं असतं. म्हणून मासे मेलेल्या जागेजवळ कारण सापडत नाही आणि आरोप भलत्यावर जातो. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेयला मिळतं, तिथे मात्र मुळाचा शोध घ्यावाच लागत नाही. ते बारमाही आहे आणि त्यावर उपाय शुद्धीकरणाचाच. नाल्याच्या संगमाखालच्या डोहाला संरक्षणाचा फलक लावून काही साधणार नाही. राखायचे डोह संगमाच्या वर शोधावेत.

पंपांचा हिशोबही तसाच सरळ आहे. बारा मीटर उचल असेल तर पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला साधारण १५ लिटर ओढतो. मघाची २५५ लिटरची धार सतरा पंपांत संपली. थ्री-फेज वीज पाळीने येते, म्हणून हे पंप एकाच वेळी सुरू होतात आणि डोह तासाभरात हातभर उतरतो. पिकाला पाणी लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण राखलेल्या डोहातून थेट न उचलता खालच्या साठ्यातून उचलायचं, आणि फुटबॉलला, म्हणजे पंपाच्या पाण्यातल्या तोंडाच्या झडपेला (फूट व्हॉल्व्हला), बारीक जाळीचा पिंजरा बसवायचा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत, हे दोन्ही जमण्यासारखं आहे.

वाळू उपशाने खळाळ जातो, डोह गाळाने भरतो. ब्लीचिंग पावडर, मोरचूद, जिलेटिन आणि विजेची तार यांनी मोठ्या माशाबरोबर अंडी, पिल्लं, खेकडे, किडे असं सगळंच जातं. शिवाय तारेने माणसं मरतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. कर्नाटकाचा १९९६ चा स्वतंत्र अंतर्देशीय मत्स्य कायदाही आहे.

पाणी कुणाचं?

सार्वजनिक म्हणजे कुणीही काहीही करावं असं नव्हे. नदीत मासेमारीला मत्स्य खात्याचा परवाना लागतो. तलावांत सर्वसाधारणपणे ४० हेक्टरपेक्षा मोठे पाणी मत्स्य खात्याकडे आणि त्याहून लहान ग्रामपंचायतीकडे असते, आणि मासेमारीचा ठेका लिलावाने दिला जातो. ठेकेदाराला मिळतो तो मासळीचा हक्क. गुरांना पाणी पाजणं, धुणं हे त्यात येत नाही. भीमगड अभयारण्यात, म्हणजे खानापूरच्या दक्षिण-पश्चिम जंगलपट्ट्यात, वन्यजीव कायद्यामुळे मासेमारी बंद आहे, आणि घाटाकडच्या जातींसाठी तो मोठा आधार आहे. राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयाचे नियम वेगळे.

डोह कुठल्या सर्व्हे नंबरात येतो हे कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर जागेवर उभं राहून बघता येतं. नदीपात्र, सरकारी पड, गायरान की खासगी, हे आधी स्पष्ट करून घ्या. काठ खासगी असेल तर त्या शेतकऱ्याची संमती ग्रामसभेच्या आधी मिळवावी, नंतर नाही.

राखण्याची रीत

सगळीकडे थोडी थोडी बंदी घालण्यापेक्षा एक डोह आणि त्याच्या वरचा खळाळ पूर्ण बंद, बाकी सगळं खुलं, हे जास्त टिकतं. हद्द नजरेत येईल अशी हवी: या उंबरापासून त्या पुलापर्यंत. जागा लोकांच्या वावरातली निवडा, घाटाजवळ, देवळाजवळ. आडरानातला उत्तम डोह राखण्यापेक्षा डोळ्यांसमोरचा मध्यम डोह राखणं सोपं. ठराव करण्याआधी त्या पाण्यावर पोट असलेल्या भोई, कोळी, अंबिग घरांशी बोला. बंदीची किंमत ती घरं मोजणार आहेत, आणि चोरटं जाळं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. त्यांना वगळून केलेला ठराव पहिल्या पावसातच मोडतो.

देवाचे मासे राखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुंगेवर शृंगेरीला, दक्षिण कन्नडमध्ये शिशिलला, महाड तालुक्यात वाळणकोंडला महाशीर असेच टिकले. पण शिशिलला विष घालून मासे मारल्याचा प्रकारही घडला. श्रद्धा असलेल्या ठिकाणीही राखणदार लागतो.

कागदाची वाट ग्रामपंचायतीतून जाते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमचं मेमधलं मोजमाप, खोली, पहाटेचा ऑक्सिजन, दगडाखालचे किडे, पट्टीसह काढलेले माशांचे फोटो, हे सगळं त्या नोंदवहीत चढवून घ्या आणि पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीची प्रत ठेवा. माशाची नावं मराठी आणि कन्नड दोन्ही लिहा. चिलापीला कन्नडमध्ये जिलेबी म्हणतात, आणि कचेरीत एकाच माशाच्या दोन जाती झाल्याचे घोळ अशानेच होतात. अर्जही कन्नडमध्ये द्यावा, म्हणजे तो लवकर हलतो, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.

हाच कायदा वारसास्थळ जाहीर करण्याची सोयही देतो. आपल्याच हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीच्या देवळाजवळच्या कुंडात, शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ ठरवलं. बोटाएवढ्या माशासाठी हे झालं, कारण त्याचं वर्णन आणि ठिकाण कागदावर होतं.

मासे मेलेले दिसले तर

आधी वेळ लिहा, मग बघा काय मेलंय. मोठे मासे आधी, पहाटे, तोंड उघडं, आणि मरळ-मांगूर जिवंत, असं असेल तर ऑक्सिजन संपला आहे. लहान-मोठे सगळे, कोळंबी, खेकडे आणि पाणकिडेही दिवसा अचानक मेले असतील तर विष. पोटात रक्त साकळलेलं आणि आतला वायूचा फुगा फुटलेला असेल तर स्फोट.

एक लिटरच्या तीन स्वच्छ बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा: एक संशयित तोंडाच्या शंभर मीटर वर, एक तोंडाशी, एक खाली. बर्फात ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. ऑक्सिजन मात्र जागेवरच मोजायचा, बाटलीत तो टिकत नाही. मरणपंथाला लागलेले दोन-तीन मासे बर्फावर ठेवा, गोठवू नका. मग नदीने वर चालत जा, पाणी स्वच्छ लागेपर्यंत. पंचायतीकडून पंचनामा करून घ्या आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा वरून महाराष्ट्रातून येतात, त्यामुळे उगमाच्या बाजूचा संशय असेल तर तक्रार महाराष्ट्राच्या मंडळाकडेही द्यावी आणि प्रत केंद्रीय मंडळाला. राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचं असेल तर कर्नाटकासाठी चेन्नईचं आणि महाराष्ट्रासाठी पुण्याचं पीठ आहे. मूळ दाद मागण्याची मुदत घटनेपासून सहा महिने, ती हातची जाऊ देऊ नका.

त्यानंतर लगेच कटला-रोहूची बोटुकली आणून सोडण्याची घाई गावोगावी होते. थांबा. कारण दूर झालेलं नसेल तर तीही मरतील. दूर झालं असेल तरी कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, ते धरण-तलावात ठीक, ओढ्याच्या डोहात मूळच्या जातींचं खाणं घेतात. चिलापी आणि बंदी असलेला थाई मांगूर तर चुकूनही नको. वरचा-खालचा डोह जिवंत असेल, बरगे वेळेवर निघाले असतील आणि चढण मोकळी असेल तर एका पावसाळ्यात पाणी आपोआप भरायला लागतं. पुढच्या मेमध्ये तेच दहा दगड, तीच दोरी, त्याच पाच जागा मोजा आणि नोंदवहीत जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.